निरगाठ

"सुरगाठ मार म्हटलं होतं. निरगाठ मारून ठेवलीय. श्वास घेता येईना." रांगेत पुढे उभी असलेली बाई स्वतःशीच कुरकुरली. आवाज पिंपातून यावा तसा.

हेस्टर ब्रोकॉने मान वर केली. बाई चांगली सहा फुटी. टोपी नाकापर्यंत ओढलेली, अंगावर शाल, पायांत घोडेस्वाराचे बूट. आणि घागरा? तपकिरी लोकरीचा, काठाशी ठिणगीने पडलेल्या भोकावर हिरवं ठिगळ. ते ठिगळ हेस्टरनेच लावलेलं. रविवारी शेजारची डॉर्कस टूकर 'नमुन्याला हवा' म्हणून तो घागरा मागून घेऊन गेली होती.

गुत्त्यात मतदान चाललं होतं. न्यू जर्सीत ते गुत्त्यातच होई; लोकांच्या राज्याला घसा ओला लागतो. प्रश्न एवढाच होता की जिल्ह्याचं नवं कोर्ट मिलक्रीकला बांधायचं की नदीपलीकडच्या ईस्टफील्डला. तेवढ्यासाठी दोन्ही गावं कालपासून झिंगून होती.

सहा फुटी बाई टेबलाशी पोचली. आवाज बारीक करून म्हणाली, "विधवा हेस्टर ब्रोकॉ." पेटीत चिठ्ठी टाकली आणि मागच्या दाराने निघून गेली. पेटीशी बसलेल्या लेम्युएलने मान वर न करता नावापुढे खूण केली. कोणी खोकलं. कोणी हसू सफरचंदाच्या सायडरबरोबर गिळलं.

मग हेस्टरची पाळी आली.

"तुमचं झालं की मत, हेस्टरबाई."

"माझं? मी आत्ता उभी राहतेय तुझ्यासमोर."

"खूण झालीय."

"लेम्युएल, माझ्या बागेतली सफरचंदं चोरताना तुझा हा कान मी कितीदा पिळलाय. आणि तू मला ओळखत नाहीस?"

लेम्युएलचा कान आपोआप लाल झाला. त्याने यादीचं पान उलटलं.

हे मत हेस्टरला कोणी दान दिलं नव्हतं. इंग्लंडच्या राजाला हाकलल्यावर राज्याने ठरवलं होतं, ज्याच्याजवळ पुरेशी मालमत्ता त्याला मत. बाई की बाप्या, गोरा की काळा, हे लिहायचं राहून गेलं होतं. हेस्टरचा नवरा राजाच्या फौजेशी लढताना मेला. मागे शेत राहिलं, बाग राहिली. पुन्हा लग्न केलं असतं तर जमीन नव्या नवऱ्याची झाली असती आणि मतही तिच्यामागोमाग गेलं असतं. दोघे विचारायला आले होते. त्यातला एक तर बरा होता, अजून आठवतो. दोघांनाही तिने गरम सायडर पाजून वाटेला लावलं.

तेवढ्यात मागच्या दाराने टूकरसाहेब आत आले. डॉर्कसचे यजमान, लेम्युएलचे मेहुणे आणि गावाचे पुढारी. युद्धात यांनी सैन्याला डुकराचं खारं मांस पुरवलं होतं. ते ज्यांनी खाल्लं, ते शत्रूपेक्षा जेवणाच्या घंटेला भीत. आत्ता साहेबांनी ओव्हरकोट गळ्यापासून घोट्यापर्यंत घट्ट लावला होता. शेकोटी धडधडत होती, कपाळावरून घाम ओघळत होता. हनुवटीखाली टोपीच्या फितीचा लाल वळ. ते लगबगीने दारूच्या फळीमागे जाऊन उभे राहिले.

"काय गोंधळ आहे?"

लेम्युएलने सांगितलं. साहेबांनी नादान पोरांच्या बापासारखा सुस्कारा सोडला.

"पाहिलंत? बायकांना मत दिलं की हे असं. एकीने दोनदोनदा टाकायचं! मी ट्रेंटनला, राज्याच्या विधानसभेकडे अर्ज घेऊन जाणार. मत फक्त पुरुषाला, तेही गोऱ्याला. राजाला हाकललं ते काय घागऱ्यांचं राज्य आणायला?"

बोलता बोलता त्यांनी हात उंचावला. कोटाचं खालचं बटण टपकन सुटलं आणि फळीच्या कडेने हिरवं ठिगळ डोकावलं.

ते सगळ्यांना दिसलं. एकाला एकदम छताच्या तुळया आवडू लागल्या. दुसऱ्याला पेल्यात काही पडल्यासारखं वाटलं. कफ नावाचा काळा लोहार दाराशी उभा होता. त्याचंही मत त्याच अर्जात जाणार होतं. पण त्या ठिगळाकडे त्याने बोट दाखवलं असतं, तर बोट त्याचंच गेलं असतं. त्याने हॅट खाली ओढली.

"मी आपल्याच गावाला मत देणार होते, टूकर," हेस्टर म्हणाली. "तुमच्याच बाजूने. फक्त ते मला माझ्या हाताने द्यायचं होतं."

साहेबांना ते ऐकू आलं नाही. मोठ्या माणसांना सोयीचा बहिरेपणा असतो. "अर्ज मान्य असणाऱ्यांनी हात वर करा!"

हातांचं रान उभं राहिलं.

"विरुद्ध कोणी?"

हेस्टरने हात वर केला.

"जिचं मत होऊन गेलं, तिचा हात धरत नाहीत," साहेब म्हणाले. गुत्ता पोट धरून हसला.

हेस्टरचा हात वरच राहिला. तिने शेकोटीकडे पाहिलं. तिथे डॉर्कस तळलेल्या गोड वेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. सकाळपासून तिने हेस्टरच्या नजरेला नजर दिली नव्हती. लग्न झालेली बाई, तिला ना मत ना हात. तिला कोणी कधी काही विचारलंच नव्हतं.

डॉर्कसने ताट खाली ठेवलं. एप्रनला हात पुसले आणि ती फळीमागे गेली.

"अहो," ती म्हणाली, "भाषण झालं असेल तर जरा पाठ करा इकडे. ती गाठ तुम्हाला सुटायची नाही, मीच सोडते. घागरा हेस्टरचा आहे, आणि तिला अजून मत द्यायचंय."