पहिला ग्राहक

गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप तिनेच बनवलं होतं आणि पहिला ग्राहक होते हृदयाच्या दुखण्यातून उठलेले बाबा. लोकांना ॲपची सवय लागावी, एवढाच साहेबांचा धोशा. सकाळच्या मीटिंगमध्ये पडद्यावर बाबांच्या नावापुढे लाल अक्षरं उमटली: ‘तीन दिवस वापर नाही.’ बाबा फोनही उचलेनात. मीटिंग अर्धवट टाकून ती धावत सुटली. घरी बाबा आरशासमोर निवांत दाढी करत होते. तिने आधी गोळ्यांची डबी उघडली. आजपर्यंतचे सगळे कप्पे रिकामे. “अगं, दात घासले की हात आपोआप डबीकडे जातो. तुझं ॲप नंतर बोंबलायचं, म्हणून काढून टाकलं.” ती चपलांसकट मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. साहेबांचा मेसेज आला: ‘पहिलाच ग्राहक का सोडून गेला? कारण कळव.’ डोळे पुसत तिने लिहिलं, ‘आपलं काम झालं.’