त्यांना तुती

आईने प्रयोगशाळेच्या दारातच डबा पुढे केला. "फाटकाजवळच्या झाडाच्या आहेत. पिकलेल्या तेवढ्याच वेचल्यात. त्यांना दे."

लेकीने झाकण काढलं. काळ्याभोर तुती. आईची बोटंही जांभळी होती, म्हणजे हात धुवायलाही थांबली नव्हती.

"आई, त्या पेशी आहेत. बाबांच्या कातडीच्या. बाबा नाहीत."

"कळतं गं मला. वेड नाही लागलेलं. तू दे त्यांना."

आता 'त्यांना' म्हणजे पेशींना की बाबांना? शब्द एकच, आणि आईने नवऱ्याला उभ्या जन्मात दुसऱ्या शब्दाने संबोधलं नव्हतं.

बाबांनी हिंडतेफिरते असताना लेकीच्या कामासाठी दंडाची टिकलीएवढी कातडी दिली होती. "पोटच्या पोरीनेच माझा तुकडा पाडला," असं येईल त्याला सांगत सुटले होते. ते गेले, पेशी मात्र उबेच्या कपाटात वाढत राहिल्या. आता त्याही थकल्या होत्या. खणाखणांच्या बशीत होत्या तेवढ्याच शेवटच्या, आणि आजची मोजणी झाली की त्याही संपणार. हे फोनवर कळलं म्हणून तर आई धावत आली होती.

प्रयोग स्ट्रॉबेरीच्या आणि जांभळांच्या रसाचा होता. तरी लेकीने एक ओळ तुतीला दिली. तुती कुस्करल्या, रस गाळला आणि त्या ओळीतल्या खणाखणात थेंब सोडला.

"साखर नको हं घालूस," आई सवयीने म्हणून गेली. मग हळूच म्हणाली, "शेवटच्या उन्हाळ्यात किती मागे लागले होते. दोनच दे, म्हणायचे. मी झाडाखाली फिरकू दिलं नाही. पथ्य पाळून काय मोठं मिळवलं गं मी?"

लेकीने बशी परत कपाटात ठेवली. रस मुरल्यावर तिने बशी कपाटातून काढून आईपुढे धरली. "झाकणावर हात ठेव."

बशी अंगाएवढी कोमट होती. आईने तळहात टेकवला तो उचलेचना. शेवटी लेकीलाच बशी ओढून घ्यावी लागली.

तिने पेशींवर त्यांना आतून गंजवणारं औषध सोडलं आणि बशी मशीनमध्ये सरकवली. "त्यांच्यात रंग भरलाय; गंज चढला की त्या चमकतात. रसाने सांभाळलं, तर अंधाऱ्या राहतात."

आई पडद्यासमोर बसली. बाबांच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी बसायची, तशीच, पदराचं टोक मुठीत धरून.

खण उजळू लागले. रस न दिलेले लख्ख हिरवे झाले. स्ट्रॉबेरीचे आणि जांभळांचे मिणमिणते. तुतीची ओळ अंधारीच राहिली.

लेकीने आकडे पुन्हा पाहिले.

"मानवल्या त्यांना," ती म्हणाली. कुणाला, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

आईने डोळे पुसले. डबा हलवून पाहिला. तळाशी मूठभर उरल्या होत्या.

"अजून आहेत म्हणावं."