चार्ज
वॉर्डातल्या एकेका पेशंटच्या खोडी पुढच्या सिस्टरला सांगून चार्ज दिल्याशिवाय ती कधी घरी जात नसे. स्वतःचा लेक आजारात गेला, तेव्हापासून मात्र तिची झोप उडाली होती आणि देवाशी अबोला होता. "अगं, देवाला हाक तरी मार," सासूबाई म्हणायच्या. "त्याचं नाव काढू नका." आज दुपारी चार्ज घेणारी सिस्टर म्हणाली, "आता मी आहे, ताई. तुम्ही निर्धास्त जा." घरी येऊन ती लेकाची उशी घेऊन थेट देवासमोर उभी राहिली. "कुशीवर झोपतो. औषधाला नखरे करतो, आधी गोष्ट सांग. रागावलास तर जेवणार नाही." उशी तिथेच ठेवून ती वळली, दारातून परत आली. "आणि हो, दिवा मालवू नकोस. अंधाराला भितो." संध्याकाळी सासूबाईंनी गाढ झोपलेल्या सुनेला पांघरूण घातलं आणि देवासमोरच्या उशीजवळ दिवा लावला.