मिरची अडवणारा चष्मा

“काळा नको. रातीला सायकलवर घालायचा हाय,” म्हणत कल्लप्पानं गॉगल काचेवर आपटला.

“रात कू काला चश्मा? सीधे नाले में जाते तुम,” इब्राहिमचाचा म्हणाले. दुसरा डबा काढता काढता ते शिंकले. मग पुन्हा शिंकले.

शुक्रवार पेठेतलं ते चष्म्यांचं दुकान चार माणसांत भरून जायचं. कल्लप्पाच्या एका बाजूला त्याची आई अक्कम्मा, दुसऱ्या बाजूला बायको महादेवी. दोघी कांडपावरनं तशाच उठून आलेल्या, मनगटापर्यंत लाल. उन्हाळ्यात पेठेतल्या निम्म्या घरांचं तिखट ह्या सासूसुना कुटून द्यायच्या. आज कल्लप्पानं त्यांना सोबतीला ओढून आणलं होतं. पुढं आई, मागं बायको, मधे सायकल धरून स्वतः. मारणारा कुठल्या बोळातून येईल, काय नेम?

गेल्या आठवड्यात गिरणीची दुसरी पाळी सुटल्यावर, नेहमीच्या ठिकाणी नेहमीची पोटात घालून तो सायकलवर घरी येत होता. गल्लीच्या तोंडाशी अंधारातून मूठभर तिखट त्याच्या डोळ्यांत आलं. तो सायकलीसकट कोसळला, आणि मग दणके पडायला लागले. पाठीवर, मांड्यांवर, नडगीवर. एक बरगडी चिरली. पुढचा दात गटारीत गेला. ओरडायला तोंड उघडलं की तिखट घशात. उजवा डोळा अजून रक्तानं भरलेला होता.

“दोघं होते, चाचा,” कल्लप्पा सांगत होता. हे तो भेटेल त्याला सांगायचा. “पैलवान! एकाचा बसला की दुसऱ्याचा, एकाचा बसला की दुसऱ्याचा. काठीवर काठी एकदाबी आपटली न्हाय. आन् दर दणक्याला छातीतनं ‘हुं’ करायचे. तालमीतली पोरं ती. रेवणसिद्धानं घातली माझ्यावर.”

रेवणसिद्ध गिरणीत त्याच्या शेजारच्या मागावर होता. सगळ्यांदेखत तो एकदा म्हणाला होता, “बायकोवर कसला हात उचलतोस रे?” कल्लप्पाला तेवढा पुरावा बास होता.

बाहेर सायकलच्या हँडलला पोतं अडकवलेलं होतं. पोत्यात कोयता होता. सकाळी त्याला धार लावून झाल्यावर कल्लप्पानं तो महादेवीच्या दंडावरून अलगद फिरवला होता. लाल रेघ उठली, तसा तो हसला होता. “आज पाळी सुटल्यावर गाठतो त्याला,” म्हणाला होता. फक्त पुन्हा तिखट आडवं यायला नको. म्हणून चष्मा.

महादेवीची नजर त्या पोत्यावरून हलत नव्हती. रेवणसिद्धाची बायको परवाच तिखट न्यायला आली होती. आठवा लागलेला. “जरा बेतानं तिखट करा की वैनी, पोटातलं लाथा मारतंय,” म्हणून हसली होती.

दुसरा चष्मा साधा निघाला. त्याच्या खालून बोट जात होतं. “हितनं मिरची घुसंल की!” कल्लप्पानं तो ढकलून दिला. मग चाचांनी मोटारसायकलवाल्यांचा काढला. पांढरी काच, भोवती चामडं, मागं रबरी पट्टा. कल्लप्पानं तो डोक्यावर चढवला. अगदी बेडूक दिसत होता. हसलं कुणी नाही.

“माती घे,” तो बायकोला म्हणाला. “फेक माझ्या तोंडावर. बगू काय आत जातंय का.”

“बाहर, बाहर!” चाचा ओरडले.

सगळे रस्त्यावर आले. महादेवीनं वाकून मूठभर धूळ घेतली.

“जोरानं फेक की गं! हाताला काय झालंय?”

हाताला काय झालं होतं ते त्याला ठाऊक होतं. तिची करंगळी त्यानंच मागं वाकवून मोडली होती.

महादेवीनं पोत्याकडं पाहिलं. मग सासूकडं पाहिलं. अक्कम्मानं पापण्या एकदाच मिटून उघडल्या.

गुपचूप फेकता आली असती माती. महादेवीनं पाय रोवले, हात खालून वर झोकला आणि छातीतून आवाज काढला, “हुं!”

धूळ काचेवर फुटली. आत एक कण गेला नाही.

कल्लप्पा हलला नाही. काचेमागं त्याचे डोळे मोठे होत गेले. त्यानं बायकोच्या लाल हाताकडं पाहिलं. त्याचा हात वर उठायला लागला.

“हुं!”

हा दुसरा आवाज त्याच्या पाठीमागून आला. बरोबर तालावर. उखळात एक मुसळ वर गेलं की दुसरं खाली येतं, तसा. त्या दोघींनी वर्षानुवर्षं एकाच उखळात तिखट कुटलं होतं, आणि मुसळावर मुसळ कधी आपटलं नव्हतं.

कल्लप्पा सावकाश वळला. अक्कम्मा सायकलला टेकून उभी होती. हँडल मोकळं होतं आणि पोतं तिच्या काखेत होतं. लहानपणी ह्याला एक चापट मारायची राहून गेली, असं ती कांडताना नेहमी म्हणायची.

“तगो मगा, घे लेकरा चष्मा,” ती मायेनं म्हणाली. “डोळं झाकत्याल. पाठीला काय बांधशील?”