मधला खडा

एक भिंग. ॲसिडची बाटली. साडीच्या कडेला दिसणारे बहिणीच्या पोटावरच्या जुन्या टाक्यांचे व्रण. टेबलावर बोटं वाजवणारा भाऊ. "खडे ओळखा मॅडम, पेटी विकायचीय. हिला यातला एक खडाही मिळणार नाही. बाबांनी मरेपर्यंत हिचं नाव काढलं नाही." "मी आले होते दादा, तू दारच उघडलं नाहीस." पेटी बाबांनी घडवलेली, झाकणावर हाताने घासलेले नऊ खडे. खनिजतज्ज्ञ बाई एकेक ओळखत गेल्या: गारगोटी, अकीक, ॲसिडने फसफसला तो संगमरवर. "मधला सांगा," भाऊ म्हणाला. "शेवटपर्यंत बाबा रोज तोच पुसायचे. तोच किमती असणार." बाईंनी भिंग दोनदा पुसलं. "हा खाणीतला नाही. मुतखडा आहे. घासून चकाकी आणलीय." "शी. म्हातारा चळलाच होता. उपटून फेका ती घाण." बहिणीने पेटी स्वतःकडे ओढली. "आता बोट लावून दाखव, दादा." पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सहा वर्षांची होती.