समुद्राकडचा उतार

चढावरच्या अवघड वळणावर जावयाला धाप लागली, तेव्हा अण्णा मागून म्हणाले, "गिअर हलका करा. दम राखून ठेवा."

जावयाने गिअर बदलला. घामाने निथळत होता, तरी पूर्ण बाह्यांची जर्सी गळ्यापर्यंत बंद होती. दातांचा डॉक्टर, गोरागोमटा. उन्हाने काळवंडायची भीती असेल, असं मनाशी म्हणून अण्णांनी ओठ वाकडे केले.

बंदरापासून निघायचं, डोंगर चढून कड्याच्या माथ्याने जायचं आणि समुद्राकडच्या उताराने परत बंदरावर यायचं, ही फेरी अण्णांच्या पायांना पाठ होती. बंदरात क्रेन चालवत होते, तेव्हापासून दर सुट्टीला ती मारायचे. लांबून लांबून सायकलवाले इथला देखावा बघायला येत आणि चढावर जीव मेटाकुटीला येऊन देखावाच विसरत. आज अण्णांनाही त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. उतारावर एका वळणाचा कठडा ढासळला होता. त्यांना तेवढाच हवा होता.

मागच्या आठवड्यात ते न कळवता लेकीकडे गेले होते. दार तिनेच उघडलं. मनगट प्लास्टरमध्ये, बोटांच्या पेरांची सालटं निघालेली. न्हाणीघराच्या दाराची कडी उचकटलेली, फुटक्या बशा झाडून कोपऱ्यात लोटलेल्या. नात बापाच्या गळ्याला अशी चिकटली होती, की आजोबांकडेही यायला तयार नव्हती. लेकराला काय कळतंय, असं अण्णांना वाटलं. हाताला काय झालं विचारल्यावर लेकीने नवऱ्याकडे पाहिलं आणि घसरून पडले म्हणाली. त्यानेही खाली मान घालून हो ला हो केलं. निघताना मात्र ती अण्णांच्या छातीवर डोकं टेकून रडली.

"बाबा, या घरात एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल."

आईवेगळी वाढवलेली पोर. लहानपणापासून तिखट, कुणाच्या बापाला न भिणारी. तिला असं रडवणाऱ्याचं काय करायचं, हे घरी पोचायच्या आत अण्णांनी ठरवून टाकलं. मग फोन करून, आवाजात साखर घोळवून त्यांनी जावयाला फेरीला बोलावलं. तो बिचकत, पण आला.

माथ्यावर दोघे उतरले. खाली समुद्र चकाकत होता. अण्णांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि आडवळण न घेता विचारलं, "घरात मारहाण होते. खरं ना?"

जावयाने बाटलीचं झाकण काढलं. "तिने सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी काय आंधळा आहे?"

"होते," तो म्हणाला. "लग्न झाल्यापासून. एकदा डोकं फिरलं, की पुढचं काही दिसत नाही. मग रडारड, पाया पडणं. चार दिवस गेले, की पुन्हा तेच."

"थांबवावंसं नाही वाटलं कधी?"

"सगळं करून पाहिलं. नाही थांबत." तो घोटभर पाणी प्यायला. "कुणापुढे बोलायची लाज वाटायची. आज तुम्हीच विषय काढलात, बरं झालं. छाती हलकी झाली."

करून सवरून वर याचीच छाती हलकी होते! अण्णांनी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि चला म्हणाले.

उतारावर जावई पुढे होता. आता तो मोकळा होऊन सायकल सोडत होता, एकदा तर मागे वळून हसलासुद्धा. ढासळलेला कठडा समोर आला, तसे अण्णा त्याच्या बरोबरीला आले आणि पेडलवरून पाय काढून त्यांनी त्याच्या हँडलवर सगळ्या ताकदीने लाथ घातली.

चाक आडवं झालं. सायकल दगडांवर आपटली आणि जावई तिच्यावरून उडून कड्याखाली गेला. हाडं मोडल्याचा आवाज अण्णांना रस्त्यावर ऐकू आला.

त्यांनी सायकल टाकली, खडक धरून खाली उतरले. खालच्या कपारीत तो पडला होता. मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, तोंड रक्ताने भरलेलं. पण डोळे उघडे होते. अण्णांनी दोन्ही हातांत मावेल एवढा दगड उचलला.

"माझ्या पोरीवर हात उचलतोस?"

पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो किंचाळला नाही. मोडक्या अंगाने कसाबसा कुशीवर वळला, गुडघा पोटाशी ओढला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. रोजची सवय असावी, तसे. दुसऱ्या घावासाठी अण्णांनी दगड वर नेला आणि तो तिथेच राहिला.

खडकांनी जर्सी फाडून काढली होती. पाठीवर, दंडांवर जुने-नवे वळ होते. बरगडीपाशी दातांचे व्रण, आणि खांद्याखाली इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी डाग, अजून ओला.

"हे कुणी केलं?" अण्णांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

जावयाने रक्ताची गुळणी टाकली आणि त्यांच्याकडे बघत राहिला. अण्णा हे का विचारतात, तेच त्याला समजेना.

"तुम्हीच म्हणालात ना... आंधळा नाही म्हणून."

दगड अण्णांच्या हातातून गळून पडला. ते फाटलेल्या बाहीने त्याची मांडी बांधू लागले, फोन चाचपू लागले. जावयाने त्यांचं मनगट धरलं.

"माझं राहू द्या, बाबा. आधी घरी जा. छोटी तिच्यापाशी एकटी आहे."