आमिनाकाकूंचं माहेर

“थांबा काकू, आता समुद्र येईल बघा!” सईने रिमोट तलवारीसारखा उगारला.

आमिनाकाकू सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या. चिवड्याची वाटी हातात तशीच. टेक्सासमधल्या अर्विंगच्या या अपार्टमेंटमध्ये त्या खालच्याच मजल्यावर राहायच्या. वर्षभर नुसतं हाय-हॅलो. काल लाँड्री रूममध्ये कपड्यांच्या घड्या घालता घालता एकदम उलगडा झाला. उन्हाळ्यात भारतात जाताना सईच्या घरचे वाटेत केनियातल्या एका बेटावर उतरले होते. तिथलं ते जुनं स्वाहिली गाव म्हणजे काकूंचं माहेर! काकूंचे अमेरिकेत राहण्याचे कागद इकडे अडकलेले. आठ वर्षांत त्यांना जाता आलं नव्हतं.

“आमच्याकडे व्हिडिओ आहे! उद्याच या!” सईने तिथेच उडी मारली होती.

“माझी आई रोज सकाळी किनाऱ्यावर जाते,” काकू इंग्लिशमध्ये हळूच म्हणाल्या होत्या. “दिसेल का ती?”

“दिसेल का म्हणजे? दिसणारच!” सईने ठोकून दिलं. शाळेच्या डिबेट टीममध्ये निवड झाल्यापासून ‘बहुतेक’ हा शब्द तिने सोडूनच दिला होता.

टीव्हीवर दगडी भिंती सरकल्या. एक नक्षीदार दरवाजा. एक गाढव. “आता डावीकडे विहीर,” काकू पुटपुटल्या, आणि खरंच विहीर आली. सईने टाळ्या पिटल्या. मग किनारा. लांबलचक, पांढरा, मोकळा.

“ही पहिली सकाळ. बघा, किती शांत! ही दुसरी. एक माणूस नाही, काकू! आमचा प्रायव्हेट बीचच जणू!”

“उजाडायच्या आत चटया टाकून बसायचो आम्ही,” बाबा कौतुकाने म्हणाले. कॅमकॉर्डर त्यांचाच. “सनराइज एकही मिस केला नाही.”

“कुणीच नाही?” काकू पुढे सरकल्या. “असं कसं? सकाळी आमच्या किनाऱ्यावर एवढा गलका असतो की पार होड्यांवर ऐकू जातो. पुरुष मशिदीत असतात, तेव्हा बायका ओहोटीला उतरतात. शिंपल्या वेचतात, भांडतात, गातात, मनसोक्त डुंबतात. तेवढाच वेळ त्यांचा.” त्यांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. “कुणी परका पुरुष बसलेला दिसला, तर मात्र परत फिरतात.”

बाबांनी चहाचा कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

शेवटची सकाळ लागली. गावाच्या भिंतीपाशी पाच-सहा बायका, कमरेवर टोपल्या. कॅमेरा झूम करत त्यांच्या जवळ गेला. त्या थबकल्या. रंगीत कापडं डोक्यावरून पुढे ओढून मागे वळल्या. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी, डावा पाय जरासा ओढत. आणि टीव्हीतून सईचाच आवाज आला, खळखळून हसणारा: “गेल्या एकदाच्या! आता सगळा बीच आपला!”

सईची कानशिलं तापली. तिने घाईघाईने रिमोटवरचं पॉज दाबलं.

काकू कधी उठल्या कळलंच नाही. त्या टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. काचेवर, त्या पाठमोऱ्या म्हातारीवर, त्यांनी बोट टेकवलं.

“मामा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत आईला तेच म्हणतात.

मग त्यांनी मान वळवली. “ती जात होती तेव्हा तू काहीतरी ओरडलीस. काय गं ते?”

सईची आई किचनच्या दारात होती तिथेच उभी राहिली. बाबा कार्पेटकडे बघत होते. खोलीत मराठी सगळ्यांना येत होतं, एक काकू सोडून.

“जाऊ नका म्हटलं,” सई म्हणाली. “या ना, बसा आमच्यात, असं.”

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी सईचा हात ओढून घेतला आणि आपल्या ओल्या गालाला लावला.

“कुणीतरी हाक मारली तिला,” त्या म्हणाल्या. “पुन्हा लाव ना, बेटा. आवाज मोठा कर.”